घरचं आहे, काही होत नाही

मराठी माणूस विचार न करता जी वाक्यं बोलतो, त्यांत ‘घरचं आहे, काही होत नाही’ या वाक्याला पहिला नंबर द्यावा असं माझं मत आहे. ‘एकदा निवांत या जेवायला’ हे दुसरं आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तिसरं. पैकी तिसरं वाक्य मी स्वतः काउंटरवरून आठवड्यातून दोन-चारदा बोलतो, पण निदान मी ते बोलतो तेव्हा सर्व्हर खरोखरच डाऊन असतो. ‘घरचं आहे’ म्हणणाऱ्याला मात्र खरंखोटं करण्याची गरजच वाटत नाही. घरचं लोणचं रक्तदाबवाल्याला चालतं, घरचं श्रीखंड मधुमेहवाल्याला चालतं आणि घरच्या तुपाने चरबी वाढत तर नाहीच, उलट असलेली वितळते. सगळे रोग हॉटेलांच्या दाराशी टपून बसलेले असतात आणि आपल्या उंबऱ्यापुढची रांगोळी पाहून माघारी फिरतात, अशी आपली श्रद्धा आहे.

माणसांनी आपापल्या जबाबदारीवर ही श्रद्धा बाळगावी. माझी हरकत नाही. ती सज्ञान आहेत, मतदार आहेत, त्यांचं खातं त्यांच्या सहीने चालतं. पण हेच वाक्य बोलत बोलत जेव्हा कोणी एखाद्या म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याच्या वाडग्याकडे हात नेतो, तेव्हा मला तोंड उघडणं भाग पडतं. कुत्र्याला सही करता येत नाही. त्याच्या खात्यावर आपणच व्यवहार करतो आणि नुकसान मात्र त्याचं होतं. बँकेत याला फार वाईट नाव आहे.

आमचा भुऱ्या तेरा वर्षांचा आहे. जात विचाराल तर गावठी आणि पामेरियन यांच्या संयुक्त विद्यमाने. वजन बारा किलो. आयुष्यभर त्याने दोन कामं निष्ठेने केली: पोस्टमनवर भुंकणे आणि सौ.ने पोळ्या लाटायला घेतल्या की ओट्याखाली हजर राहणे. पोस्टमन हल्ली फारसे येत नाहीत, म्हणून ते काम तो कुरियरवाल्यांवर भागवतो. गेल्या हिवाळ्यात तो पाणी जास्त पिऊ लागला, रात्री दोन-दोनदा बाहेर जाण्यासाठी दार खरवडू लागला आणि त्याच्या तोंडाला एक उग्र वास येऊ लागला. रक्त तपासलं. क्रिएटिनिन ३.४ निघालं.

कुत्र्याच्या रक्तात ते १.४ च्या आत असावं लागतं. कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय मंडळी १९९८ पासून आहे. तिने या आजाराच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. २.९ ते ५ ही तिसरी पायरी. चौथीच्या पुढे पायरी नाही.

मूत्रपिंड हा अवयव थेट आमच्या शाखेसारखा आहे. समजा, चार काउंटर आहेत. एक क्लार्क निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, उरलेले तिघे रेटतात. दुसऱ्याची बदली झाली, दोघे रेटतात. बाहेरच्याला काही कळत नाही. तिसराही गेला आणि सगळा भार एकट्यावर आला, की मग रांग दाराबाहेर जाते आणि ग्राहक विचारतो, ‘आजच काऊन इतकी गर्दी?’ गर्दी आजची नसते. क्रिएटिनिन म्हणजे ती रांग. ती दिसू लागते तेव्हा कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच बंद पडलेलं असतं. गेलेला क्लार्क परत येत नाही. उरलेल्या एकावर रोज किती काम टाकायचं एवढंच आपल्या हाती असतं, आणि ते काम येतं वाडग्यातून.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि म्हणाले, ‘बाकी सगळं नंतर. आधी फॉस्फरस सांभाळा.’

निरोगी कुत्रा जेवणातला जादा फॉस्फरस लघवीवाटे टाकून मोकळा होतो. थकलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. मग तो रक्तात साचतो, त्याला तोंड देण्याच्या धडपडीत शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं, आणि ही दोन्ही मंडळी जाऊन बसतात कुठे, तर उरलेल्या मूत्रपिंडावरच. थकबाकी भागवायला घरातलं सोनं गहाण टाकावं आणि ते व्याजातच बुडावं, तशातली गत. तिसऱ्या पायरीवरच्या कुत्र्याच्या रक्तात हा फॉस्फरस ५ च्या आत राखायचा असतो. भुऱ्याचं वजन, वय आणि रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टरांनी त्याच्या जेवणावर मर्यादा घालून दिली: दिवसाला चारशे मिलिग्रॅम. चारशेची मर्यादा म्हटल्याबरोबर माझ्यातला वीस वर्षांपूर्वीचा बी.कॉम. खडबडून जागा झाला. अहो, ही तर पेटी कॅश! रोज सकाळी चारशे हातात मिळतात, रात्रीपर्यंत पुरवायचे, शिल्लक पुढे ओढायची नाही, आणि उचल तर मुळीच नाही.

इथून त्या वाक्याशी माझी लढाई सुरू झाली.

पहिल्या आल्या आमच्या मातोश्री. म्हणाल्या, ‘त्याला आपली दूध-भाकरी कुस्करून दे. पचायला हलकं. घरचं आहे, काही होत नाही.’ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ज्वारी, तूर, दोडका, बोंबील, सगळं काही त्यांत आहे. इतकं निःपक्षपाती वाचन मी पासबुकाशिवाय दुसरं केलेलं नाही. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीपुढे फॉस्फरस लिहिलाय पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दूध शंभर मिलिलिटरला शंभराच्या जवळपास. म्हणजे मोठी वाटीभर दूध दोनशे आणि त्यात कुस्करलेली एक मध्यम भाकरी दीडशेच्या वर. सकाळचे आठ वाजलेले नाहीत आणि चारशेपैकी साडेतीनशे खर्ची पडले. धान्यातला फॉस्फरस सगळाच अंगी लागत नाही, हे मी मातोश्रींच्या बाजूने मान्य करतो. दुधातला मात्र बराचसा लागतो.

त्याच तक्त्यात सडीक पांढरा तांदूळ शंभर ग्रॅमला शंभराच्याही आत आहे. म्हणजे ज्या पांढऱ्या भाताला गेली कित्येक वर्षं समाजात कोणी विचारत नाही, ज्याच्यामुळे पोट सुटतं, साखर वाढते आणि डुलकी लागते, तो या आजारात भाकरीहून सोज्वळ ठरतो. वर तूपही चालतं, कारण कुत्र्याला ताकद तर हवी आणि तुपात फॉस्फरस जवळपास नाहीच. परिणामी आमच्या घरी रोज असं दृश्य असतं की खाली भुऱ्यापुढे वाफाळता पांढरा भात नि त्यावर तुपाची धार, आणि वर टेबलाशी माझ्यापुढे, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टाची शिक्षा म्हणून, कोरडी ज्वारीची भाकरी. आम्ही एकमेकांकडे पाहतो. त्याच्या नजरेत हल्ली मला किंचित दया दिसते.

अंड्याचीही तीच कथा. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिनं असतात आणि फॉस्फरस जेमतेम पाच मिलिग्रॅम. पिवळ्या बलकात प्रथिनं त्याहून कमी आणि फॉस्फरस साठाच्या वर. एकाच कवचात दोन भाडेकरू राहतात आणि एकाच्या कारभाराशी दुसऱ्याचा काही संबंध नाही. भुऱ्याला रोज चार पांढरे भाग, शिजवलेले. उरलेल्या चार बलकांचं काय करायचं हा प्रश्न घरात पहिल्याच दिवशी उभा राहिला. ‘तुम्ही खाऊन टाका, घरचंच आहे,’ असं कोणी म्हणण्याआधी मी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला. बलक हल्ली मुलगा खातो.

दुसरे आले खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांनी आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत स्वच्छ असतं. ‘भाऊ, त्याले नळीचं हाड द्या. कॅल्शियम राहते त्यात. नाहीतर कलेजी द्या. ताकद येऊन जाईन.’ सावजीच्या गावात हाड हे औषध मानलं जाणारच. पण हाडात कॅल्शियम ज्या रूपात असतं, त्यात त्याचा जोडीदार फॉस्फरसच असतो; दोघांचं जॉइंट अकाउंट आहे, एकट्याला बोलावता येत नाही. कलेजीत फॉस्फरस साध्या मांसापेक्षाही जास्त. म्हणजे म्हाताऱ्या क्लार्कच्या एकट्या काउंटरवर शेजाऱ्यांच्या प्रेमाने पगाराच्या दिवसाची गर्दी पाठवायची, असा हा प्रकार.

तिसरा शिरा आला. वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. प्रसाद आला तो सरळ भुऱ्याच्या दिशेने. ‘देवाचा आहे, त्यातून घरचा.’ शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाण्यांनी धडधाकट कुत्र्याचंही मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. त्यांतल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि ते आपल्या चिंचेतही असतं. म्हणजे आमटीही बाद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. म्हणजे रस्सा बाद. आता सांगा, कांदा, लसूण, चिंच, मीठ आणि डाळ काढून घेतल्यावर आपल्या ‘घरच्या’त घरचं म्हणून उरतं काय? उरतो एक भात आणि त्यावर आपला हात.

ज्या शहरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे महाराष्ट्राच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्या शहरात कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा सल्ला मात्र पानठेल्यावर मिळतो. तोही विनामूल्य, आणि वर चुना वेगळा.

इथे काही सुशिक्षित वाचक पुढे सरसावतील. ते म्हणतील, साहेब, म्हणूनच आम्ही सांगतो, या भानगडीत पडूच नका. मूत्रपिंडाच्या आजाराचं तयार खाद्य पाकिटात आणि डब्यात मिळतं, ते आणा. या मंडळींचा मी आदर करतो, कारण त्यांच्याकडे पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने २००२ साली ३८ आजारी कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना नेहमीचं खाद्य दिलं, काहींना मूत्रपिंडासाठी बनवलेलं. कोणाला काय मिळतंय हे मालकांपासून लपवून ठेवलं. नेहमीचं खाणारे मध्यकाने १८८ दिवस जगले, पथ्याचं खाणारे ५९४. (मध्यक म्हणजे काय ते बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असतं. त्याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला.) चारशे दिवसांचा फरक. तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या हिशेबात चारशे दिवस म्हणजे काय, हे ज्याला सांगावं लागतं त्याने कुत्रा पाळू नये.

मी पाकीट आणलं. भुऱ्याने ते हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बनावट नोट पुढे सरकवणाऱ्या ग्राहकाकडे मी जसा बघतो तसा बघून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. कोमट पाणी घालून, हाताने भरवून, दुसऱ्या चवीचं आणून, सगळं झालं. या आजारात मळमळ असते, भूक मेलेली असते. आणि कुत्रा जे खात नाही त्या पथ्याचा त्याला काही उपयोग नसतो. तो खात असता तर मी हा लेख लिहिला नसता आणि सकाळी पाऊण तास जास्त झोपलो असतो.

पण पाकीटवाल्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. ते ज्या डब्याच्या नावाने घरच्या अन्नाला हसतात, तो डबा मुळात एका स्वयंपाकघरातूनच निघाला आहे. मॉरिस फ्रँक नावाचे एक अंध गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. वाटाड्या कुत्रा घेऊन देशभर फिरणारे आणि अशा कुत्र्यांचा प्रचार करणारे ते तिथले आद्य पुरुष. त्यांच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडी. साहेब बदलले तरी खुर्चीवरची पाटी तीच, तसं. १९३९ च्या सुमाराला त्यांच्या बडीची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. ते गेले न्यू जर्सीतल्या मार्क मॉरिस या पशुवैद्याकडे. मॉरिसांनी प्रथिनं, मीठ आणि क्षार मोजूनमापून एक जेवण बसवलं आणि नवराबायकोने ते घरी शिजवून काचेच्या बरण्यांत भरायला सुरुवात केली. बरण्या वाटेत फुटायच्या, म्हणून पुढे पत्र्याचे डबे आले. मागणी इतकी वाढली की १९४८ साली टोपेका गावच्या हिल पॅकिंग कंपनीला डबे भरण्याचं काम दिलं. आजचा तो जगप्रसिद्ध डबा म्हणजे तिथलं वाढलेलं लोणच्याचं दुकान समजा. फरक एवढाच की मॉरिसबाई पातेल्यापाशी उभ्या राहून ‘घरचं आहे, काही होत नाही’ म्हणाल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याने आधी तराजू आणला.

माझं भांडण घरच्या अन्नाशी नाहीच. ते रोज मीच शिजवतो. माझं भांडण आहे ते ‘घरचं’ हा शब्द मोजमापाच्या जागी वापरण्याशी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१२ साली मूत्रपिंडाच्या आजारासाठी म्हणून पुस्तकांत नि इकडेतिकडे छापलेल्या कुत्र्यामांजरांच्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या. सगळी पोषकद्रव्यं पुरेशी देणारी त्यांत एकही निघाली नाही. सदुसष्टांत एक नाही! आमच्या शाखेत एवढ्या प्रकरणांत शून्य निघाले असते तर विभागीय कार्यालयाने ऑडिटर नव्हे, पोलीस पाठवले असते. आणि आपले लोक फोनवर आलेली ‘किडनीसाठी रामबाण खिचडी’ पुढे पाठवतात, खाली दोन हात जोडलेले.

ते मोजमाप कसं दिसतं, ते सांगतो. आमचा भुऱ्याचा दिवस असा: तांदूळ शंभर ग्रॅम, कच्चे तोलून, फॉस्फरस ९६. कोंबडीचं मांस सत्तर ग्रॅम, १४०. अंड्याचे चार पांढरे, २०. दुधी भोपळा शंभर ग्रॅम, १५. तूप, शून्य धरा. एकूण २७१. उरलेले १२९ मी खर्च करत नाही. ती बुडीत कर्जासाठीची तरतूद आहे, म्हणजे मातोश्रींच्या हातून ‘चुकून’ खाली पडणारे पोळीचे तुकडे. कोंबडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं, फॉस्फरस आणखी उतरतो. पहिल्या दिवशी मी ते पाणी मोरीत ओतलं तेव्हा स्वयंपाकघरात जो आक्रोश झाला तो वर्णन करण्यासारखा नाही. ‘सारं सत्त्व ओतून देऊन राहिला तू!’ आता सत्त्वच तर ओतायचं होतं, हे आईला कोणत्या मराठीत सांगावं? याशिवाय बिनहाडाच्या या जेवणात कॅल्शियम पडतच नाही, ते बाहेरून घालावं लागतं. अंड्याचं कवच वाळवून केलेली वस्त्रगाळ भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. जेवणात मिसळली तर थोडाफार फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते. तीही डॉक्टर सांगतील तितकीच, कारण रक्तात कॅल्शियम चढलं तर नवं संकट. माशाचं तेल देतात, पण लहानपणी आपल्याला नाक दाबून पाजलेलं ते कॉड लिव्हर तेल नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरमसाट असतात. शिवाय जीवनसत्त्वांची आणि क्षारांची एक पुडी असते, ती नसेल तर वरचा सगळा हिशेब सदुसष्टांच्या पंगतीत जाऊन बसतो.

हे आकडे कृपा करून उतरवून घेऊ नका. हे भुऱ्याचं खातं आहे. तुमच्या कुत्र्याचं वजन वेगळं, पायरी वेगळी, लघवीतून प्रथिनं जातात की नाही तेही वेगळं. दुसऱ्याच्या पासबुकातली शिल्लक पाहून आपण चेक फाडत नाही. आणि धास्ती घेऊन मांस-अंडी पार बंद करून नुसत्या भातावर ठेवणारेही आहेत. त्यांचा कुत्रा मूत्रपिंडाआधी उपासमारीने खंगतो, पाठीचं हाड वर येतं, आणि मालक म्हणतो, ‘वय झालं आता.’

इतवारीच्या सराफ्यात आपण सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोलून घेतो. तिथे ‘आपलाच सराफ आहे, काही होत नाही’ असं म्हणणारा गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही. स्वयंपाकघरात मात्र डिजिटल काटा आणला तर सौ.ला तो अविश्वास ठराव वाटला. तिचं म्हणणं, इतकी वर्षं अंदाजाने मीठ घालतेय, कधी चुकलं? चुकलं नाही, हे खरंच. पण इथे एक गोष्ट मला उघड बोलावीशी वाटते. ‘घरचं’ या शब्दातलं घर म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. ‘घरचंच करून घाला हो, त्यात काय’ असं सोफ्यावरून सांगणारे पुरुष स्वतः कुकरची शिट्टी मोजत नाहीत. म्हणून काटा माझ्याकडे आहे, पातेलं माझ्याकडे आहे, आणि बँकेत पोचायच्या आधी ते घासणंही माझ्याकडे आहे. सौ.कडे फक्त तपासणी. ती ऑडिटरच्या थाटात येते, झाकण उघडते, ‘हं’ म्हणते आणि जाते. शेरा लिहून देत नाही.

खर्चावरूनही आमच्यावर प्रेमळ हल्ले होतात. एका परिचितांनी विचारलं, देशात माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्याच्या क्रिएटिनिनमागे धावता? प्रश्न गंभीर आहे. तो त्यांनी मुलीच्या रिसेप्शनमध्ये, चाटच्या काउंटरपाशी उभं राहून विचारला. त्या काउंटरने देशातली किती भूक शमवली हे मी त्यांना विचारलं नाही, पाणीपुरी संपवली आणि घरी आलो. आणि खर्च म्हणाल तर तांदूळ, दुधी, चार अंडी आणि छटाकभराहून थोडं जास्त मांस, याने कोणाचं दिवाळं निघत नाही. खरा खर्च होतो तो दूध-भाकरी-हाड-शिऱ्यानंतर, जेव्हा कुत्रा चार दिवस उलट्या करतो आणि त्याला पायात सुई लावून सलाईनवर झोपवावं लागतं. तेव्हा बिल घरचं नसतं.

आणि पाणी. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून कुत्रा खूप लघवी करतो, आणि म्हणून खूप पितो. आपले शहाणे लोक याचा उलटा अर्थ लावतात: पितो फार म्हणून करतो फार, तर रात्री वाडगा उचलून ठेवा! नागपुरात, नवतपात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना मूत्रपिंडाच्या रोग्याचं पाणी तोडणं याला मी अज्ञान म्हणायला तयार नाही. त्याला दुसरा शब्द आहे, पण हे पुस्तक घरात वाचलं जाणार. आमच्याकडे तीन वाडगे आहेत: एक कूलरसमोर, एक दाराशी, एक पलंगाखाली. रात्री दोनला तो दार खरवडतो. मी उठतो, चावी घेतो, आम्ही दोघं जिना उतरतो. कॉलनीतल्या सगळ्या झाडांना तेवढ्या रात्री कुठे तरी ओल मिळते. पहारेकऱ्याने पहिल्या महिन्यात विचारलं, ‘सायेब, झोप नाही येऊन राहिली का?’ आता तो नुसता हात वर करतो.

मातोश्रींशी मात्र अखेर तह झाला. त्या ऐंशीच्या आहेत, त्यांचीही मूत्रपिंडं रिपोर्टात जरा कुरकुरतात, आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी मीठ आणि लोणचं कमी करायला सांगितलंय. तहाची कलमं अशी की त्यांनी भुऱ्याच्या वाडग्यात हात घालायचा नाही आणि मी त्यांच्या ताटात डोकवायचं नाही. दुसरं कलम मी पाळतो असं नाही. पोळीचे तुकडे त्या आता बारीक करून टाकतात, म्हणजे नखाएवढे, आणि मी ते तरतुदीत दाखवतो.

एक कलम त्यांनी स्वतः घालून घेतलं. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय की चौथ्या पायरीवर एक वेळ अशी येते, जेव्हा तक्ते बाजूला ठेवायचे आणि तो जे खाईल ते द्यायचं. तेव्हा त्याला काय द्यायचं ते मी ठरवणार, असं मातोश्रींनी सांगितलं. मी हो म्हटलं. दूध-भाकरी, हे त्यांनी आजच ठरवूनही ठेवलंय. ती वेळ आली की नाही, हे मात्र त्या किंवा मी नाही, डॉक्टर सांगतील.

गेल्या तपासणीत क्रिएटिनिन ३.१ होतं आणि फॉस्फरस ४.७. वजन दोनशे ग्रॅमने वाढलं. पुढचं रक्त चौथ्या शनिवारी द्यायचं आहे, त्या दिवशी बँकेला सुट्टी असते.